ताराबाई मोडक

तिसऱ्या तासाच्या अखेरीस कोणत्याही वर्गांत डोकावून पाहावें. पुस्तकें उघडीं असतात, दृष्टि फळ्याकडे असते, परंतु चित्त मात्र खिडकीबाहेर गेलेलें असतें. अशा वेळीं आम्हां शिक्षकांचा आवाज चढावयाचा, हा आमच्या व्यवसायाचा जुना परिपाठ. एके काळीं त्याच्या जोडीस छडीही असे. मुलाची चुळबूळ हा अपराध नसून ती एक मागणी आहे, ही गोष्ट महाराष्ट्रांतील शिक्षकांस ज्यांनीं पटविली त्यांत ताराबाई मोडक यांचें नांव अग्रभागीं येतें.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं मुंबईस झाला. घरांत प्रार्थनासमाजाचें सुधारकी वातावरण होतें. १९१४ सालीं त्या पदवीधर झाल्या. त्या काळीं ही गोष्ट स्त्रियांस सुलभ नव्हती. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाहीं. पुढें राजकोट येथें स्त्रीशिक्षिकांच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजांत त्यांनीं प्रमुखपद सांभाळलें. मोठ्या मानाची ती जागा! ती सोडून त्या भावनगरास दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत दाखल झाल्या. पदवीधर बाईनें अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसावें, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटलें असल्यास नवल नाहीं.

तेथें मॅडम मॉंटेसरी यांच्या पद्धतीचा अवलंब होत असे. त्या पद्धतींतील शांतीचा खेळ प्रसिद्ध आहे. मुलें डोळे मिटून निश्चल बसतात. दुरून बाई अगदीं हळू आवाजांत एकेकाचें नांव घेतात. ज्याच्या कानीं नांव पडेल त्यानें पाऊल न वाजवितां उठून यावयाचें. ही शांतता धाकानें आणलेली नसते, म्हणूनच ती मुलांस आवडते. मीं हा खेळ मागील पावसाळ्यांत सातवीच्या वर्गास दिला. प्रथम दोन दिवस हंशाच पिकला. तिसऱ्या दिवशीं मात्र छपरावरील पागोळ्या ऐकूं आल्या, आणि पुढील गणित नेहमीपेक्षां लवकर सुटलें. शनिवार पेठेंतून पायीं येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें तोच खेळ ओंकारेश्वराच्या आवारांत भावंडांबरोबर खेळून पाहिला. त्यांत चार वर्षांची धाकटी बहीणच सर्वांहून अधिक वेळ स्थिर बसली म्हणे! सहा दिवस श्रम आणि सातवा विसाव्याचा, हा नियम आम्ही ख्रिस्ती लोक लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु एका तासाच्या पोटांतही विसाव्यास जागा असावी, हें मला ताराबाईंच्या कार्यामुळें उमगलें.

एका शिक्षकास साधलेली युक्ति दुसऱ्यास कळावी कशी? गाणें, गोष्ट, रेषेवरून तोल सांभाळीत चालणें, असल्या लहान गोष्टी क्रमिक पुस्तकांत कोण लिहिणार? या कामीं १९२६ सालीं स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ आणि ‘शिक्षणपत्रिका’ यांचा मोठा उपयोग झाला. पत्रिका प्रथम गुजरातींत निघे. १९३३ पासून ताराबाईंनीं ती मराठींतही आणली, आणि शिक्षकांप्रमाणेंच आईबापांनाही आपलेंसें केलें.

१९३६ सालीं दादर येथें शिशुविहार सुरू झाला. १९३९ सालीं गिजुभाई निवर्तले. त्यानंतर शहरांतील सुस्थितींतल्या मुलांपुरतेंच हें शिक्षण राहावें, ही गोष्ट ताराबाईंस रुचेना. १९४५ मध्यें त्या समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. शनिवार पेठेपासून पायीं जातां येईल अशा हुजूरपागा शाळेंतील शिक्षिका अनुताई वाघ त्यांस तेथें येऊन मिळाल्या. हरिजनवाड्यांतील मुलें बालवाडींत येत ना. तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली! महागडीं साधनें कोठून आणावयाचीं? शंख-शिंपले, खडे, बिया, पानें यांवर काम भागलें.

१९५७ सालीं कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुलें गुरें राखावयास जात. त्यांच्यासाठीं कुरणांतच शाळा भरूं लागली. तिचें नांव कुरणशाळा. जनावरें चरत आहेत आणि जवळच झाडाखालीं मुलें गाणें म्हणत आहेत, असें तें दृश्य असे.

१९६२ सालीं सरकारनें ताराबाईंस पद्मभूषण दिलें. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्यांचें देहावसान झालें. टेकडीवरील काम अनुताईंनीं पुढें चालविलें. त्या स्वतः १९९२ सालीं वारल्या.