कोरड्या नागपुरात गिरणी चालवणारे जमशेदजी टाटा आणि आपल्या कूलर-एसीचं गणित

मे महिन्यात बदनापुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. पारा चाळिशीच्या पुढे, वारा गरम आणि हवा एवढी कोरडी की दोरीवर टाकलेले कपडे बघता बघता कडक होतात. मग घराघरात दरवर्षीचा विषय निघतो. यंदा कूलर घ्यायचा की एसी? जालन्याहून आणायचा की संभाजीनगरहून? बसवायला गावातला मेकॅनिक बोलवायचा की कंपनीच्या माणसाची वाट बघायची?

अशाच कोरड्या हवेशी एका माणसाची गाठ जवळपास दीडशे वर्षांपूर्वी पडली होती. घरासाठी नाही, कापसाच्या गिरणीसाठी. तो माणूस म्हणजे जमशेदजी नसरवानजी टाटा.

पोलादाचा कारखाना, मुंबईचं ताज हॉटेल आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांमुळे जमशेदजी सगळ्यांना माहीत आहेत. पण हवा कशी आहे, यंत्र कोणतं घ्यायचं आणि ते सांभाळणार कोण, हे तीन प्रश्न त्यांच्यापुढे त्याच्या कितीतरी आधी नागपुरात उभे राहिले होते. आपण कूलर किंवा एसी घेतो तेव्हा नेमके हेच तीन प्रश्न असतात.

नवसारीचा मुलगा गिरणीच्या धंद्यात कसा आला?

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधल्या नवसारीत झाला. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी मात्र ती वाट सोडून मुंबईत व्यापारात उतरले. मुलालाही त्यांनी मुंबईला आणलं आणि एल्फिन्स्टन कॉलेजात घातलं. १८५८ मध्ये शिक्षण संपवून जमशेदजी वडिलांच्या पेढीत बसले. १८६८ मध्ये त्यांनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची व्यापारी पेढी काढली.

पुढच्याच वर्षी त्यांनी चिंचपोकळीची एक दिवाळखोरीत गेलेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिची कापड गिरणी केली आणि नाव दिलं अलेक्झांड्रा मिल. दोनेक वर्षांत ती नफ्यात विकून ते इंग्लंडला लँकेशायरला गेले. जगभर कापड पुरवणाऱ्या या भागातल्या गिरण्या त्यांना जवळून बघायच्या होत्या.

लँकेशायरची एक गोष्ट महत्त्वाची होती. तिथली हवा कायम दमट. कापसाच्या धाग्याला अशी हवा मानवते. ओलावा असेल तर धागा मऊ आणि मजबूत राहतो. हवा कोरडी झाली की तो ठिसूळ होतो, घर्षणाने त्यात वीज साठते, तंतू विस्कटतात आणि धागा पुन्हा पुन्हा तुटतो. मुंबईची हवाही समुद्रामुळे दमटच, त्यामुळे बहुतेक गिरणी मालकांचा ओढा मुंबईकडे होता.

सगळे मुंबईत, मग हे नागपुरात का?

जमशेदजींनी वेगळा हिशेब केला. कापूस पिकतो विदर्भात आणि गाठी बांधून तो मुंबईला जातो. मग गिरणीच कापसाजवळ का नको? नागपूरला रेल्वे १८६७ मध्येच पोहोचली होती. वरोऱ्याकडचा कोळसा जवळ होता आणि आजूबाजूला बाजारपेठही होती.

१८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून घ्यावी लागली. तिथल्या एका सावकाराने तर पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस मातीत सोनं ओततोय, असं त्याला वाटलं. पुढे गिरणीचा नफा बघून त्याने आपलं मत बदलल्याचा किस्सा टाटांच्या चरित्रांत येतो.

१ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव पडलं एम्प्रेस मिल.

आता खरी परीक्षा होती. सुरुवातीला घेतलेली यंत्रं हलक्या प्रतीची निघाली आणि काही वर्षांतच ती बदलावी लागली. त्यात नागपूरचा उन्हाळा. जी हवा माणसाला सोसत नाही, तीच धाग्यालाही सोसत नव्हती.

गिरणीची हवा कशी बदलली?

एम्प्रेस मिलमध्ये हवेत ओलावा राखणारी यंत्रं बसवण्यात आली. आग लागली तर छतातून पाणी सोडणारे फवारेही बसले. भारतातल्या गिरण्यांत या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा आणण्याचं श्रेय एम्प्रेस मिलला दिलं जातं.

ओलावा राखणाऱ्या यंत्राचं तत्त्व आपल्याला नवं नाही. दाराला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारलं की आत गार वारा येतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी हवेतूनच घेतं. त्यामुळे हवेचं तापमान उतरतं आणि ओलावा वाढतो. गिरणीला ओलावा हवा होता, घराला गारवा हवा असतो. काम एकच.

आपला कूलर याच तत्त्वावर चालतो. बाहेर ४२ अंश तापमान आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ताट्यांचा कूलर आत येणारी हवा १२-१३ अंशांनी उतरवू शकतो. तोच कूलर पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत लावला, तर जेमतेम २ अंशांचा फरक पडतो, कारण हवा आधीच पाण्याने भरलेली असते. म्हणूनच जुलैत कूलर लावला की गादी ओलसर आणि अंग चिकट होतं. तो कूलरचा बिघाड नसतो.

म्हणजे बदनापूरच्या एप्रिल-मेसाठी कूलर पुरेसा ठरू शकतो. फक्त समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर ओली हवा खोलीतच कोंडते. पाण्याची टंचाई असेल, घरात आजारी माणूस असेल किंवा उकाड्याच्या दमट दिवसांतही गारवा हवा असेल, तर एसीचा विचार करावा.

यंत्र आलं, पण चालवणार कोण?

जमशेदजींची दुसरी मोठी अडचण हजेरीची होती. गिरणीचं काम या भागाला नवं होतं आणि कामगार सांगता न सांगता रजेवर जायचे. त्यांनी दंडापेक्षा दुसरा मार्ग धरला. चांगल्या कामाला बक्षिसं सुरू केली, हवा खेळती ठेवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. कायद्याने हे बंधन येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

गिरणीची जबाबदारी त्यांनी बेझनजी दादाभाई मेहतांकडे दिली. बेझनजी आधी रेल्वेत होते, त्यांना कापडाचा अनुभव नव्हता. तांत्रिक बाजू बघायला जेम्स ब्रुक्सबी होते. रोज जागेवर असणारा भरवशाचा माणूस आणि यंत्र जाणणारा माणूस, अशी ही जोडी होती.

घरच्या एसीलाही हेच लागू पडतं. स्वस्तात मिळाला म्हणून असा ब्रँड घेतला, ज्याचा मेकॅनिक जालन्यातही नाही, तर मे महिन्यात आठ-आठ दिवस वाट बघावी लागते. खरेदीआधी दोन गोष्टी विचाराव्यात: दुरुस्तीला कोण येणार आणि सुटे भाग कुठे मिळणार?

स्वस्तातली गिरणी किती महागात पडली?

१८८६ मध्ये जमशेदजींनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांना घेतली. उभारणीच्या खर्चाच्या मानाने ही किंमत अगदी कमी होती. तिचं नाव त्यांनी स्वदेशी मिल ठेवलं. कुर्ल्यात हवेचा प्रश्न नव्हता. प्रश्न यंत्रांचा होता. ती पार खिळखिळी झाली होती. माल खराब निघू लागला, शेअर पडले, बँका हात आखडू लागल्या. जमशेदजींनी स्वतःची पुंजी ओतली, नागपूरची जाणती माणसं कुर्ल्याला आणली आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर गिरणी रुळावर आणली.

त्यांच्याकडे ओतायला पुंजी होती. आपल्याकडे नसते. म्हणून जुना एसी घेताना तो अर्धा तास चालवून बघावा, कॉइल गंजली आहे का ते पाहावं आणि गॅसबद्दल विचारावं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. दरवर्षी गॅस भरावा लागतोय याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. मेकॅनिकला आधी गळती शोधायला सांगा, मग गॅस भरा.

टनाचा घोळही समजून घ्या. दीड टन म्हणजे एसीचं वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची ताकद म्हणजे एक टन. वर तापलेली स्लॅब किंवा पत्रे असतील तर त्याच मापाच्या खोलीला जास्त ताकद लागते. खोली न बघता फोनवरच टन सांगणाऱ्यापेक्षा घरी येऊन छत, खिडक्या आणि वायरिंग बघणारा माणूस बरा.

मुंबईचं ताज आणि झाडांचा रस्ता

१६ डिसेंबर १९०३ ला ताज हॉटेल उघडलं. मुंबईच्या दमट हवेत वाळ्याचे पडदे काय कामाचे? तिथे घाम वाळवायला वारा लागतो. ताजमध्ये वीज होती आणि अमेरिकेहून आणलेले पंखे होते.

१९०२ मध्ये परदेशातून मुलगा दोराबजीला लिहिलेल्या पत्रात जमशेदजींनी पोलाद कारखान्याच्या गावाबद्दल सूचना केल्या होत्या. रस्ते रुंद ठेवायचे, दुतर्फा लवकर वाढणारी सावलीची झाडं लावायची आणि मोकळी मैदानं सोडायची. तेव्हा कारखान्याची जागाही ठरली नव्हती. गारवा यंत्राच्या आधी सावलीतून येतो. आपल्याकडेही पश्चिमेच्या भिंतीला सावली आणि गच्चीवर पांढरा चुना असेल तर कूलर-एसीचं काम हलकं होतं.

१९ मे १९०४ ला जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे जमशेदजींचं निधन झालं. पोलाद कारखाना, विज्ञान संस्था आणि सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज, यातलं काहीच त्यांना पाहता आलं नाही. खोपोलीची वीज १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्यांच्या निधनानंतर ५० वर्षांनी, १९५४ मध्ये, टाटा सन्स आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून व्होल्टास कंपनी काढली. तीच पुढे एसीसाठी घरोघरी माहीत झाली. यातले फोल्कार्टवाले एकेकाळी मुंबईतून कापसाचा व्यापार करायचे.

एम्प्रेस आणि स्वदेशी, दोन्ही गिरण्या आज बंद आहेत. कोरडी हवा मात्र तशीच आहे.

यंदा कूलर बाहेर काढताना एक काम आधी करा. पत्र्याच्या कूलरचा धक्का बसून दर उन्हाळ्यात जीव जातात. वायर कुठे सोललीय का ते बघा, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढून ठेवा. ताट्या बदला, टाकी घासा आणि आठवड्यातून एकदा रिकामी करा, म्हणजे डास होणार नाहीत. एसी असेल तर फिल्टर दर दोन-तीन आठवड्यांनी घरीच धुवा आणि तापमान २४ च्या आसपास ठेवा. मेकॅनिकला मार्चमध्येच बोलवा. मे महिन्यात त्यालाही श्वास घ्यायला वेळ नसतो.