बलिराज्याची नोंद करणारा ज्ञानोपासक : अल्बेरुनी

आज बलिप्रतिपदा. बळीराजाची प्रतिमा रेखून तिचे पूजन करण्याचा कुळाचार आपल्या घरोघरी श्रद्धेने पाळला जातो. या सणाच्या प्राचीनतेचा मागोवा घेऊ लागलो म्हणजे एक साक्ष अगदी अनपेक्षित स्थळी आढळते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अरबी भाषेत रचलेल्या एका ग्रंथात या दिवसाचे वर्णन आहे. त्याचा कर्ता अबू रैहान अल्बेरुनी हा गझनीच्या महमुदाच्या पदरी असलेला विद्वान होता. महमुदाचे नाव निघताच सोमनाथाचा विध्वंस आठवून आपले मन व्यथित होते. त्याच्याच छत्राखाली राहून या पुरुषाने आपल्या धर्माचे अध्ययन कोणत्या वृत्तीने केले, याचे स्मरण आज आम्हांस उचित वाटते.

अल्बेरुनीचा जन्म इ. स. ९७३ मध्ये मध्य आशियातील ख्वारिज्म प्रांतात, काथ नगरीत झाला. हा भूभाग आज उझबेकिस्तानात मोडतो. अरबांनी तो ७१२ मध्ये जिंकला होता. पुढे तेथे इस्लाम रुजला आणि विद्येची भाषा अरबी झाली. तथापि लोकांची बोली ख्वारिज्मीच राहिली. बगदादच्या खलिफांच्या आश्रयाने ब्रह्मगुप्ताचा ज्योतिषसिद्धांत आठव्या शतकातच अरबीत उतरला होता. त्यामुळे भारतीय ज्योतिषाची तोंडओळख अल्बेरुनीला ग्रंथद्वारे आधीच झाली होती.

विद्येची गोडी लागली, परंतु स्वास्थ्य लाभले नाही. ९९५ मध्ये राज्यक्रांती होऊन त्याला जन्मभूमी सोडावी लागली. पुढे कास्पियन समुद्रानजीकच्या गुरगान येथे राजाश्रय मिळाला. तेथे इ. स. १००० च्या सुमारास त्याने प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनेवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. कालांतराने तो स्वदेशी परतला. पण १०१७ मध्ये महमुदाने ख्वारिज्म जिंकले आणि चव्वेचाळीस वर्षांच्या या पंडितास गझनीस नेले. मायदेशी जाण्याचे स्वातंत्र्य उरले नाही.

महमुदाच्या स्वाऱ्यांमुळे पंजाबची भूमी गझनीच्या सत्तेखाली आली होती. अल्बेरुनीने तेथे हिंदू पंडितांपाशी शिष्यभावाने बसून संस्कृत शिकण्यास प्रारंभ केला. स्वाऱ्यांनी होरपळलेल्या लोकांच्या मनात परकीयांविषयी अढी होती आणि ग्रंथही सहज हाती येत नव्हते. तरी त्याने सांख्य, पातंजल योग, भगवद्गीता आणि पुराणे यांचा व्यासंग केला. पतंजलीचा योग अरबीत आणला. पंजाबातील नंदना किल्ल्यानजीकच्या डोंगरावरून क्षितिजाचा कोन मोजून त्याने पृथ्वीची त्रिज्याही गणिताने काढली.

१०३० मध्ये, महमुदाच्या मृत्यूच्याच वर्षी, त्याचा भारतविषयक ग्रंथ पूर्ण झाला. त्यात ८० प्रकरणे आहेत. हिंदूंचे मत हिंदूंच्याच ग्रंथांच्या आधारे मांडावे, ही त्याची प्रतिज्ञा होती. आपल्या समाजातील अहंकार आणि परक्यांविषयीचा तुटकपणा यांवर त्याने परखड टीका केली आहे, ती आपण नम्रपणे वाचावी. परंतु आपल्या धन्याच्या स्वाऱ्यांनी या देशाची समृद्धी धुळीस मिळविली आणि विद्या काश्मीर-काशीकडे निघून गेली, हे लिहिण्यासही तो कचरला नाही.

याच ग्रंथातील सणांच्या प्रकरणात दिवाळी आहे. कार्तिकाच्या प्रथम दिवशी लोक स्नान करून उत्तम वस्त्रे लेतात, विड्याची पाने व सुपारी एकमेकांस देतात, देवालयांत दानधर्म करतात आणि रात्री सर्वत्र असंख्य दीप लावतात, असे त्याने नोंदले आहे. सातव्या पाताळात बंदिवान असलेल्या विरोचनपुत्र बळीला लक्ष्मी या एका दिवसापुरते मुक्त करते, म्हणून या सणास बलिराज्य म्हणतात, हे कारणही तो देतो. कोठे उपहास नाही, की तुच्छता नाही.

महमुदाचा पुत्र मसूद याला आपला ज्योतिषावरील महाग्रंथ अर्पण करून, अखेरपर्यंत लिहीत राहून, इ. स. १०५० च्या सुमारास अल्बेरुनीने गझनीतच देह ठेवला. स्वधर्म न सोडता परधर्म न्यायबुद्धीने जाणून घेता येतो, हे त्याने आपल्या आयुष्याने दाखविले. आज सायंकाळी पणत्या उजळताना या दूरदेशीच्या ज्ञानोपासकाचेही स्मरण आपण कृतज्ञतेने करू या.