मेलबर्नचे तीन गोल

पावसाळ्यात संध्याकाळी रबाळ्यात एखादी मोकळी जागा दिसली की तिथे चिखलात फुटबॉल खेळणारी मुले हमखास असतात. कुणाच्या पाठीवर नेमारचे नाव, कुणाच्या मेस्सीचे. इथून जवळच, नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर, २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामनेही झाले. ब्राझीलचा खेळाडू कोणत्या देशात जाऊन किती गोल करतो, याचा हिशेब आपल्या मित्रमंडळींना तोंडपाठ असतो. परंतु ऑलिम्पिकमध्ये भारतासाठी एकाच सामन्यात तीन गोल करणाऱ्या मुंबईच्या खेळाडूचे नाव विचारले, तर बहुतेक जण गप्प होतात. ते नाव म्हणजे नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ साली गोव्यातील बार्देश तालुक्यात, आसगाव येथे झाला. त्या वेळी गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. नोकरी-व्यवसायासाठी मुंबई गाठणाऱ्या गोमंतकीयांची परंपरा जुनी. धोबी तलाव, माझगाव या भागांत त्यांच्या गावांच्या ‘कुडी’ होत्या आणि फुटबॉल हा त्या वस्त्यांचा लाडका खेळ होता. नेव्हिलही मुंबईचेच खेळाडू म्हणून नावारूपाला आले. टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅलटेक्स या संघांकडून ते सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळले. त्यांचे बंधू डेरेक हेही भारताकडून खेळले.

त्या काळी आपल्याकडे फुटबॉलपटूला खेळाचा पगार मिळत नसे. मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरी देत, त्यांचे संघ उभे करत आणि हार्वूड लीगमध्ये व रोव्हर्स चषकात हे संघ कूपरेजच्या मैदानावर उतरत. कॅलटेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा नेव्हिल त्याच संघात होते. ज्यांच्या घरचे कुणी औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, त्यांना कंपनीच्या जिवावर चालणारा खेळ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

१९५६ साली ऑलिम्पिक स्पर्धा मेलबर्नला भरल्या. भारतीय संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आणि कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. त्याआधी चारच वर्षांपूर्वी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडवला होता. त्यामुळे या संघाकडून कुणाच्या फार अपेक्षा नव्हत्या. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली आणि १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली.

नेव्हिल यांनी सुरुवातीलाच गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली, ऑस्ट्रेलियाने पुन्हा ती पुसली. मध्यंतराला २–२ अशी स्थिती होती. उत्तरार्ध सुरू होताच नेव्हिल यांनी तिसरा गोल केला, पुढे किट्टू यांनी चौथा, आणि भारत ४–२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला.

४ डिसेंबरला समोर पुन्हा तोच युगोस्लाव्हिया उभा राहिला. उत्तरार्धात पहिला गोल झाला तो नेव्हिल यांचा. ज्यांनी दहा गोल चढवले होते, त्यांच्यावर भारत काही मिनिटे का होईना, आघाडीवर होता! ती आघाडी टिकली नाही. सामना १–४ असा हातचा गेला आणि ७ डिसेंबरला बल्गेरियाने कांस्यपदकाची आशाही ०–३ अशी संपवली. तरी एकूण चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक होते.

हे गोल मुंबईत कुणी पाहिले नाहीत. मुंबईला दूरदर्शन आले ते १९७२ साली. शिवाय ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या जनसागराने त्यांना निरोप दिला. त्या दिवशी मेलबर्नमध्ये कोण जिंकले नि कोण हरले, याकडे मुंबईचे लक्ष असण्याचे कारणच नव्हते.

आणखी एक गोष्ट मनाला चटका लावते. नेव्हिल भारताचा पोशाख घालून मैदानात उतरले, तेव्हा त्यांचे जन्मगाव भारतात नव्हते. आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता आणि त्यानंतर गोव्याची ये-जा फार अवघड झाली होती. गोवा मुक्त झाला तो १९६१च्या डिसेंबरमध्ये. पुढे मोझांबिकमध्ये जन्मलेला युसेबियो १९६६च्या विश्वचषकात पोर्तुगालकडून नऊ गोल करून जगप्रसिद्ध झाला. पोर्तुगालच्या वसाहतीत जन्मलेल्या आसगावच्या या पुत्राने मात्र आपले गोल भारताच्या नावे मांडले.

देशाने त्यांना काय दिले? अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. त्याच वर्षी मेलबर्नच्या संघातील पी. के. बॅनर्जी यांचा त्याने गौरव झाला, आणि तो यथायोग्यच होता. नेव्हिल यांना मात्र तो कधीच मिळाला नाही. १९८० साली, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. रोव्हर्स चषकही आता बंद पडला आहे.

आपल्या महाविद्यालयात कोकण, घाटमाथा, उत्तर प्रदेश, तमिळनाडू अशा कितीतरी ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांची मुले शिकतात. ‘तुमचे गाव कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर देताना आपण क्षणभर घुटमळतो. नेव्हिल डिसोझांनाही हा प्रश्न कुणीतरी विचारलाच असेल. मेलबर्नच्या मैदानात त्यांनी त्याचे तीन वेळा उत्तर दिले. मैदानावर खेळणाऱ्या आपल्या मित्रांपैकी एखाद्याने पाठीवर कधी ‘डिसोझा’ हे नाव लिहून घेतले, तर त्या उत्तराची पोच उशिरा का होईना, मिळेल.