एक्सप्लेनर : थायरॉईडची तपासणी आणि डॉ. होमी भाभा, नेमका संबंध काय?

साखरखेर्ड्यासारख्या गावातून सकाळी दिलेला रक्ताचा नमुना शहरातल्या लॅबमध्ये जातो आणि टीएसएच, टी३, टी४ चे आकडे मोबाईलवर येतात. टी३ आणि टी४ म्हणजे आयोडीनपासून बनणारी हार्मोन्स. याच आयोडीनचा धागा थेट अणुभट्टीपर्यंत जातो. ती अणुभट्टी उभारणारे होमी जहांगीर भाभा.

जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही घरच्यांची इच्छा. केंब्रिजला गेलेल्या होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात. अखेर वडिलांनी अट घातली : आधी मेकॅनिकलमध्ये पहिला वर्ग, मग हवे ते शिक. १९३० मध्ये त्यांनी ती पूर्ण केली. (ही अट आजही बऱ्याच घरांत चालते, अनुभव आहे.)

पुढच्याच वर्षी त्यांच्या आत्या मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय त्यांच्याच स्मृतीशी जोडलेले आहे. ते १९४१ मध्ये सुरू झाले. भाभा १९३९ मध्ये सुटीवर भारतात आले, महायुद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टीआयएफआर, १९५४ मध्ये ट्रॉम्बेची अणुऊर्जा संस्था.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेत 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. आता थोडे गणित. थायरॉईडसाठी वापरले जाणारे आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. म्हणजे परदेशातून मागवलेला साठा वाटेत २४ दिवस अडकला, तर हाती उरणार आठवा हिस्सा! म्हणूनच अशी समस्थानिके देशात तयार होणे गरजेचे होते.

१९६२ मध्ये टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. तपासणीची पद्धत साधी : रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीनची अल्प मात्रा द्यायची आणि मानेजवळ यंत्र धरून ग्रंथीने किती शोषले ते मोजायचे. जास्त शोषले तर ग्रंथी अतिसक्रिय असू शकते.

रक्तातली अत्यल्प हार्मोन्स मोजण्याची वाट दाखवली ती अमेरिकेच्या सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो यांनी. त्यांच्या पद्धतीतही खूण म्हणून किरणोत्सर्गी आयोडीनच होते. आज बहुतेक लॅब त्याऐवजी प्रकाश देणारी रसायने वापरतात.

भाभांना पुढचे पाहायला मिळाले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना एअर इंडियाचे विमान माँ ब्लां पर्वतावर कोसळले. ते ५६ वर्षांचे होते. ट्रॉम्बेच्या संस्थेला १९६७ मध्ये त्यांचे नाव मिळाले.

मग तुमच्या रिपोर्टचे काय? टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम. थायरॉईड कमी काम करत असेल तर तो सहसा वाढतो, जास्त करत असेल तर घटतो. टीएसएच वाढला म्हणून प्रत्येकाला स्कॅन लागत नाही. टीएसएच कमी असेल तर कारण शोधायला डॉक्टर किरणोत्सर्गी स्कॅन सांगू शकतात. गाठ लागत असेल तर सोनोग्राफी. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो. मात्र गर्भवती असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर किरणोत्सर्गी स्कॅनची तारीख घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा.