डॉ. लिव्हिंग्स्टन आणि त्यांचे नाशिकचे सोबती

भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणी बाजारहाटासाठी शरणपूर रस्त्याने नेहमी जात असतील. पण या शरणपुरातून काही आफ्रिकी मुले एका थोर प्रवाशाच्या सोबतीला गेली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या प्रवाशाचे नाव डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन. त्यांचे चरित्र मी वाचले तेव्हा त्यांच्या धैर्याचे कौतुक वाटलेच, पण त्यांच्या पत्नीचा आणि सोबत्यांचा विचार काही केल्या मनातून जाईना. म्हणून या स्मरणिकेसाठी ही हकीकत लिहीत आहे.

लिव्हिंग्स्टन यांचा जन्म 19 मार्च 1813 रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. सारे कुटुंब गिरणीच्या चाळीतील एकाच खोलीत राही. वयाच्या दहाव्या वर्षी डेव्हिड सूतगिरणीत लागला. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम आणि त्यानंतर रात्रीची शाळा! पहिल्या पगारातून त्याने लॅटिनचे पुस्तक घेतले. यंत्रावर पुस्तक उघडे ठेवायचे आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचे, असा त्याचा अभ्यास चाले. अशा कष्टांतून तो डॉक्टर झाला. मिशनरी होऊन चीनला जाण्याची त्याची इच्छा होती, पण तेथे अफूचे युद्ध सुरू होते. म्हणून 1840 च्या डिसेंबरात तो दक्षिण आफ्रिकेला निघाला.

माबोत्सा नावाच्या गावी सिंहांनी गुरे मारण्याचा सपाटा लावला होता. 1844 साली लिव्हिंग्स्टन गावकऱ्यांबरोबर शिकारीस गेले. त्यांनी गोळ्या झाडल्या, पण पुन्हा बंदूक भरत असतानाच जखमी सिंहाने झेप घेतली आणि त्यांचा खांदा जबड्यात धरून, मांजर उंदराला झटकते तसे झटकले. मेबाल्वे नावाच्या आफ्रिकी शिक्षकाने बंदूक उचलली, तेव्हा सिंह त्यांना सोडून त्याच्यावर धावला आणि त्याच्या मांडीचा चावा घेतला. आणखी एकजण भाला घेऊन धावला, त्यालाही सिंहाने चावे घेतले. शेवटी आधीच्या गोळ्यांनी सिंह मेला. लिव्हिंग्स्टन यांच्या डाव्या दंडाच्या हाडाचे तुकडे झाले होते. दातांच्या खुणा अकरा. हाड नीट सांधले नाही ते नाहीच, आणि तो हात जन्माचा अधू झाला. पण पुढची सारी वाटचाल त्यांनी त्याच हाताने केली.

1845 साली त्यांचा विवाह मेरी मॉफट यांच्याशी झाला. मेरीबाईही मिशनऱ्याच्याच कन्या आणि जन्म आफ्रिकेतलाच. कोलोबेंग येथे त्यांनी संसार थाटला. भाकरी, मेणबत्त्या, साबण सारे घरीच करायचे. तिथे पावसाने दगा दिला. ओळीने काही वर्षे अवर्षण! नदी आटली, मासे इतके मेले की ते खायला तरसांच्या झुंडी येऊ लागल्या. तेथील राजा सेचेले पूर्वी मंत्राने पाऊस पाडीत असे. तो ख्रिस्ती झाल्यावर त्याने मंत्र सोडले, म्हणून पाऊस गेला, असे लोक समजू लागले. तरीही कोणी लिव्हिंग्स्टन कुटुंबाला त्रास दिला नाही. बायकांनी अंगावरचे दागिने देऊन दूरच्या टोळ्यांकडून धान्य आणले. हे वाचताना मला आपल्याकडचे दुष्काळ आठवले. देश कोणताही असो, चूल पेटती ठेवण्यासाठी बाईचाच डाग आधी जातो.

लिव्हिंग्स्टन यांना मात्र उत्तरेची ओढ लागली होती. 1850 साली त्यांनी गरोदर पत्नीला व मुलांना घेऊन कालाहारीचे वाळवंट ओलांडले. परत आल्यावर मुलगी झाली, ती सुमारे दीड महिन्यात गेली. दुसऱ्या वर्षी मेरीबाई पुन्हा गरोदर असताना तोच प्रवास! वाटेत चार दिवस पाण्याचा ठणठणाट होता आणि मुले पाण्यासाठी रडत होती. मेरीबाईंच्या आईने जावयाला रागाचे पत्र लिहिले होते. मला विचाराल तर त्या माउलीचे काही चुकले नाही. 1852 साली बायकामुलांची इंग्लंडला रवानगी झाली. तेथे मेरीबाईंनी चार वर्षे फार ओढगस्तीत काढली. इकडे लिव्हिंग्स्टन हिवतापाने खंगत आफ्रिका आडवी पार करून गेले आणि जगभर कीर्ती झाली. पुढे मेरीबाई पुन्हा आफ्रिकेत आल्या आणि 27 एप्रिल 1862 रोजी झांबेझीच्या काठी शुपांगा येथे तापाने वारल्या.

या प्रवासांत लिव्हिंग्स्टन यांनी गुलामांचा व्यापार डोळ्यांनी पाहिला होता. हा व्यापार मोडायचा, हेच त्यांचे ध्येय झाले. त्यांची लेडी न्यासा नावाची छोटी आगबोट होती. तिच्यावर स्वतःचे सुमारे सहा हजार पौंड घातले होते. आफ्रिकेत विकली तर गुलामांच्याच वाहतुकीला लागेल, म्हणून ती मुंबईस नेऊन विकण्याचे त्यांनी ठरवले. 30 एप्रिल 1864 रोजी ते झांजिबारहून निघाले. अंतर सुमारे अडीच हजार मैल, कोळसा अवघा चौदा टन, खलाशी बहुतेक नवखे आणि पावसाळा तोंडावर आलेला. कितीतरी दिवस वारा पडून बोट समुद्रात नुसती डुलत राहिली. मग शेवटी वादळी वारे सुटले. आपल्याकडचा मृगाचा पाऊस कसा कोसळतो, ते समुद्रकाठच्या भगिनी जाणतातच! पंचेचाळीस दिवसांनी, 13 जूनला, बोट सुखरूप मुंबईच्या बंदरात शिरली. ती इतकी लहान होती की तिच्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही.

त्या बोटीवर चुमा नावाचा मुलगा होता. 1861 साली त्याला गुलामांच्या तांड्यातून सोडवले होते. डॉ. विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत त्याची सोय झाली. पुढच्या वर्षी लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईस आले, तेव्हा नाशिकलाही येऊन गेले. आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुले शरणपूरच्या मिशनमध्ये शिकत होती. त्यांतली नऊजणे त्यांनी बरोबर घेतली आणि जानेवारी 1866 मध्ये मुंबई सोडली. काहीजण वाटेत सोडून गेले. गार्डनरसारखे मात्र अखेरपर्यंत राहिले.

हा शेवटचा प्रवास सात वर्षे चालला. पळून गेलेल्या हमालांबरोबर औषधांची पेटीही गेली. 10 नोव्हेंबर 1871 रोजी स्टॅन्ले या बातमीदाराने त्यांना उजिजी येथे गाठले, पण परत यायला ते तयार झाले नाहीत. नंतर स्टॅन्ले यांनी पाठवलेल्या माणसांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. 1873 च्या आरंभी बँगवेलू सरोवराच्या दलदलीत अहोरात्र पाऊस, कंबरेच्या वर पाणी आणि पोटात रक्ती हगवण! चुमा व सुसी त्यांना खांद्यावर घेऊन पाणी ओलांडीत. पुढे तर डोलीच करावी लागली. 1 मे 1873 च्या पहाटे चितांबोच्या गावी, बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत, ते मृत आढळले.

आता खरी कसोटी सोबत्यांची होती. तेथेच पुरून मोकळे झाले असते, तर कोणी विचारले नसते. त्यांनी हृदय झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली व झाडावर नाव कोरले. मग देहाला मीठ लावून, चौदा दिवस उन्हात वाळवून, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळले आणि हजार मैलांहून अधिक अंतर खांद्यावरून वाहून नेले. वाटेत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने तेथेच दफन करण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी मानला नाही. 1874 च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. इंग्लंडमध्ये देहाची ओळख पटली ती सिंहाने मोडलेल्या त्या हाडावरून! 18 एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकचा जेकब होता. चुमा व सुसी यांना मात्र वेळेवर नेण्याचे कोणाला सुचले नाही.

झांजिबारचा गुलामांचा बाजार लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूनंतर सुमारे महिन्याभराने, जून 1873 मध्ये, बंद झाला. ते पाहायला ते उरले नव्हते. त्यांनी दाखवलेल्या वाटांनी पुढे गोऱ्यांची सत्ताही आफ्रिकेत शिरली, हेही खरे आहे. थोर माणसाचे सारेच वंद्य मानावे, असे मला वाटत नाही. पण मोडक्या हाताने त्यांनी धरलेला ध्यास खोटा नव्हता, आणि त्या ध्यासाचे मोल मेरीबाईंनी, चुमाने, सुसीने आणि जेकबनेही भरले. भगिनींनो, शरणपूर रस्त्याने जाताना लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर या सर्वांचीही आठवण काढावी, एवढीच माझी विनंती.