नानाभॉय मूस

नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस (इ.स. १८५९ – इ.स. १९३६) हे भारतीय भूचुंबकशास्त्रज्ञ होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक होत. अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळा त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली.

जीवन

मूस यांचा जन्म मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे उच्च शिक्षण भारतात व एडिनबरा विद्यापीठात झाले. इ.स. १८९६ मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर त्यांनी कुलाबा वेधशाळेची सूत्रे स्वीकारली आणि इ.स. १९१९ पर्यंत ती सांभाळली. त्यांच्याच कारकिर्दीत तेथे मिल्न पद्धतीचा भूकंपमापक बसवण्यात आला.

अलिबाग वेधशाळा

कुलाबा येथे इ.स. १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामचा विद्युतप्रवाह रुळांतून व जमिनीतून परत जात असल्यामुळे नोंदी दूषित होणार होत्या आणि सहा दशकांची मालिका खंडित होण्याची भीती होती. मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या अलिबागची निवड केली. अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे (आताचा रायगड जिल्हा) मुख्य ठिकाण होते. वेधशाळेचे कुलाबा मात्र मुंबई बेटावरचे.

नवीन इमारतीसाठी अचुंबकीय असा पोरबंदरी दगड वापरण्यात आला व लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. दुसरा प्रश्न तापमानाचा होता. चुंबक तापला की त्याचे बल किंचित घटते. पृथ्वीच्या क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकातील रोजचा बदल मूळ मूल्याच्या हजारातील एक-दोन भागांइतकाच असतो. त्यामुळे खोलीचे तापमान काही अंशांनी वाढले, तरी उपकरण तेवढाच खोटा बदल दाखवू शकते. म्हणून नोंदी घेणाऱ्या खोलीत दिवसरात्रीच्या तापमानातील चढउतार जवळजवळ पोहोचू नये, अशी तिची रचना करण्यात आली.

इ.स. १९०४ मध्ये अलिबाग येथे नोंदी सुरू झाल्या. इ.स. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापन करून मूल्यांची तुलना करण्यात आली. त्यामुळे कुलाब्याची जुनी मालिका अलिबागच्या नव्या मालिकेशी जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम इ.स. १९०७ मध्ये धावू लागली.

संशोधन

मूस यांनी कुलाब्याच्या इ.स. १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे संकलन व विश्लेषण केले. हे काम इ.स. १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. चुंबकीय वादळात क्षितिजसमांतर घटक प्रथम थोडा वाढतो, नंतर बराच घटतो आणि मग सावकाश पूर्वपदावर येतो, हा सर्वसाधारण क्रम त्यांनी अनेक वादळांच्या सरासरीवरून मांडला. सूर्यावरील डाग व चुंबकीय हालचाली यांच्या संबंधाचाही त्यांनी अभ्यास केला. एडिनबरा येथील रॉयल सोसायटीचे ते सदस्य होते.

वारसा

अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत असून तेथील मापन सुरू आहे. कुलाबा व अलिबाग मिळून झालेली ही नोंदमालिका जगातील सर्वांत दीर्घ भूचुंबकीय मालिकांपैकी एक मानली जाते. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौर वादळाच्या अभ्यासात कुलाब्याच्या नोंदी आजही महत्त्वाच्या ठरतात.