एकटीची आकाशयात्रा

इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी १ जुलै १९०३ रोजी एमी जॉन्सनचा जन्म झाला. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर एमी लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करू लागली. परंतु तिचे मन आकाशात भिरभिरणाऱ्या विमानांकडे ओढ घेई. १९२९ साली तिने वैमानिकाचा परवाना मिळवला. तेवढ्यावर ती थांबली नाही. तेलाने हात माखून घेत ती विमानाचे यंत्र खोलून जोडण्यास शिकली आणि त्या कामाचाही परवाना तिने मिळवला.

लंडनपासून ऑस्ट्रेलियातील डार्विनपर्यंतचे अंतर तिच्या मार्गाने सुमारे १८,००० किलोमीटर होते. १९२८ साली बर्ट हिंकलर याने तो प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. त्याहून कमी दिवसांत आपण तेथे पोहोचावे, असा एमीने निश्चय केला. त्यापूर्वीचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडन ते हल, सुमारे २३५ किलोमीटर! वडिलांच्या व लॉर्ड वेकफील्ड यांच्या साहाय्याने तिने एक वापरलेले लहान विमान विकत घेतले. त्याचे नाव 'जेसन'. त्यात बिनतारी संदेशाचे साधन नव्हते, की बसण्याच्या जागेवर छप्परही नव्हते.

५ मे १९३० रोजी पहाटे क्रॉयडनच्या विमानतळावरून ती एकटीच निघाली. बगदादजवळ वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरण्यास भाग पाडले. तरीही सहाव्या दिवशी ती कराचीस पोहोचली. तेथवर ती हिंकलरच्या दोन दिवस पुढे होती. पुढे इंधन अपुरे पडल्यामुळे तिला झाशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले.

यानंतर दैव फिरले. रंगूनजवळ मुसळधार पावसात विमान खड्ड्यात गेले. त्याचा पंखा मोडला, पंखांचे कापड फाटले. तेथील तंत्रशाळेतील मंडळी मदतीस धावली. महायुद्धात उरलेल्या विमानाच्या कापडाचे सदरे कोणी शिवले होते. तेच सदरे कापून पंखांना ठिगळे लावण्यात आली! परंतु या दुरुस्तीत मोलाचे दिवस गेले. आता हिंकलरला मागे टाकणे अशक्य होते. एमी मात्र मागे फिरली नाही. तिमोरचा सुमारे ८०० किलोमीटर रुंद समुद्र ओलांडून २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. स्पर्धा ती हरली होती. पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडत गेलेली ती पहिली स्त्री ठरली.

पुढे दुसऱ्या महायुद्धात विमाने ठिकठिकाणी पोहोचवण्याचे काम तिने पत्करले. त्याच कामावर असताना ५ जानेवारी १९४१ रोजी टेम्स नदीच्या मुखाशी तिचा अंत झाला.

२०१८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि लंडन यांच्यामध्ये कोठेही न थांबणारी विमानसेवा सुरू झाली. सुमारे १४,५०० किलोमीटरचे ते अंतर विमान अदमासे १७ तासांत तोडते. एमीला डार्विन गाठण्यास साडेएकोणीस दिवस लागले होते. एवढ्या दूरच्या वाटेवर प्रथम कोणीतरी धैर्याने एकटे निघाले, म्हणूनच पुढच्यांना ती वाट जवळची झाली.